युनिफॉर्म दिसला की हिंदी: पुण्यात दोन मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत का बोलतात?

सुतारदरा

आधीच सांगून टाकते, हा धागा 'परप्रांतीयांनी मराठी शिकावं की नाही' यावर नाही. त्यावर इथे ढिगाने धागे निघालेत आणि भांडून भांडून सगळ्यांचं काश्मीर झालंय. माझा प्रश्न वेगळा आहे. समोरासमोर उभी असलेली दोन्ही माणसं मराठी, दोघांनाही ते कळलेलं, तरी बोलणं हिंदीत. हे पुण्यात इतकं सर्रास का होतं?

परवा खराडीला मावसभावाकडे गेले होते. गेटवर वॉचमन: "किधर जाना है मॅडम?" मी मराठीत सांगितलं, बी विंग, अकराशे दोन. तो: "गाडी नंबर बोलो." मी पुन्हा मराठीत. तो रजिस्टरात लिहीत असताना त्याचा फोन वाजला. "हां माय, जेवलो की. तू गोळी घेतली का? बरं, ठिवतो, गेटवर हाय." फोन खिशात गेला, रजिस्टर माझ्याकडे फिरलं. "मॅडम, इधर साइन मारो." मागे उभ्या असलेल्या बाई त्याला म्हणाल्या, "भैया, मेरा पार्सल आया क्या?" आणि मान वळवून फोनवर, "नाही गं, अजून नाही आलं."

तेव्हापासून कान टवकारून ऐकतेय. बँकेच्या काउंटरवर मराठी, त्याच बँकेच्या दारातल्या गार्डशी हिंदी. भाजीवाल्या मावशींशी मराठी, शेजारच्या फळांच्या गाडीवर हिंदी. रिक्षात बसल्यावर पेठेत मराठी, विमाननगरात हिंदी, रिक्षावाला तोच असला तरी. डिलिव्हरीचं अ‍ॅप तर माणसाचं नावसुद्धा दाखवतं. स्क्रीनवर 'ज्ञानेश्वर' असं ढळढळीत आलेलं असतं आणि आपण फोन उचलून म्हणतो, "भैया, किधर हो?" ज्ञानेश्वराशी हिंदीत बोलायचं आणि तेही आळंदीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, म्हणजे धन्य आहे.

माझा अंदाज असा की भाषा आपण माणूस बघून ठरवत नाही, कपडे बघून ठरवतो. पण मग तो वॉचमन माझ्या मराठीला हिंदीत उत्तर का देत होता, ते काही मला सुटत नाही. तुमचे अनुभव लिहा.

लिंबलोणचं

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

थेट_मुद्दा

सवय. दिवसभरात दहा जण हिंदी बोलणारे भेटले की अकराव्याशी तोंडातून हिंदीच येतं. त्यात समाजशास्त्र कशाला शोधायचं? वॉचमनचंही तेच. दिवसाला दोनशे गाड्या आत सोडतो तो, प्रत्येकाची मातृभाषा तपासत बसणार का?

सुतारदरा

@थेट_मुद्दा, सवय असती तर ती काउंटरवरच्या साहेबांशी बोलतानाही लागली असती. तिथे बरी आपोआप मराठी येते!

ठोकताळा

थोडे आकडे टाकतो, मग चर्चा चालू द्या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साधारण ६९ टक्के लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. त्याच जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. हा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पाटण्याहून आलेली गच्च भरलेली गाडी येते. प्रत्यक्षात त्यातले राज्याची हद्द ओलांडून आलेले आठात एक. बाकी सगळे आपल्याच राज्यात, बहुतेक तर आपल्याच जिल्ह्यात हललेले. बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण लग्न. म्हणजे आकड्यांतला स्थलांतरित बघायचा तर तो सासरी आलेली मुलगी किंवा एसटीने स्वारगेट-शिवाजीनगरला उतरलेला पोरगा.

२०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुण्याचे ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडचे १७ लाख हे आकडे आता अगदीच जुने आहेत. तरी मुद्दा राहतोच. गेटवर उभा असलेला अनोळखी माणूस महाराष्ट्रातलाच असण्याची शक्यता आपण समजतो त्यापेक्षा बरीच जास्त आहे.

मराठी_बाणा७

वा! म्हणजे आपणच आपल्या माणसाला हिंदी शिकवतोय. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा जीआर आला तेव्हा केवढा गदारोळ केला आपण, २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. शाळेतून हिंदी घालवली आणि सोसायटीच्या गेटवर फुकट शिकवणी चालू! मी तर सरळ सांगतो, मराठीत बोल नाहीतर गेट उघड आणि बाजूला हो. [दोन वाक्यं काढली आहेत – संपादक]

बालाघाटी

वॉचमनच्या बाजूने मी बोलतो, कारण ह्या धाग्यावर त्याच्या गावाकडचा मीच दिसायलोय.

मी बीड जिल्ह्यातला, केज तालुका. पुण्यात आलो स्पर्धा परीक्षेसाठी. सदाशिव पेठेत कॉट बेसिस (खोलीतली एक कॉट भाड्यानं), अभ्यासिका, मेस, ठरलेलं आयुष्य. पहिल्या महिन्यात मेसच्या काकूंचा फोन आला, "कुठे आहात? डबा ठेवू का बंद करू?" मी दुसरीकडे मित्रासोबत जेवत होतो, म्हणलं, "काकू, जेवायलोय." त्यांना वाटलं जेवायला येतोय. ताट झाकून बसल्या बिचाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो किस्सा सगळ्या पंगतीला सांगितला. हसल्या त्या प्रेमानंच, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून मी फोनवर दोन सेकंद थांबून बोलायला लागलो. 'जेवायलोय' नाही, 'जेवतोय'. 'काहून' नाही, 'का'. बोलताना 'ण' कुठं अन् 'न' कुठं, हे आधी मनात म्हणून बघायचं, मग तोंड उघडायचं.

हिंदीत हे काहीच नसतंय. माझी हिंदी जशी वाईट तशीच तुमचीपण वाईट. "पाणी का टाकी भर गया" असं मी म्हणलं अन् तुम्ही म्हणलात, कुणी कुणाला हसत नाही. मराठीत तोंड उघडलं की तुम्हाला माझा जिल्हा कळतो, मग तुम्ही विचारता "कुठले तुम्ही?", मग "आडनाव काय?", अन् तिसऱ्या वाक्याला माझी जात तुमच्या हातात. हिंदीत मी नुसता वॉचमन असतो. बरं असतंय ते कधी कधी.

माझ्यासोबतचे दोघं-तिघं वयोमर्यादा संपल्यावर सिक्युरिटीत लागले, एक डिलिव्हरी करतो. डिलिव्हरीवाला म्हणतो, कस्टमर हिंदीत झापतंय तेव्हा लागत नाही, मराठीत झापलं की मास्तर रागावल्यावानी लागतं. म्हणून तो स्वतःच हिंदीत सुरुवात करतो. गावाकडच्या ग्रुपवर आम्ही सगळे व्हॉइस मेसेज टाकतो, अन् पुण्याच्या ग्रुपवर टाइप करतो. टाइप केल्यावर बोली दिसत नाही. हा प्रतिसाद बी मी दोनदा वाचून टाकायलोय, आता समजून घ्या.

सुतारदरा

@बालाघाटी, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी गेटच्या एकाच बाजूने विचार करत होते. तुमचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकून ठेवतेय.

कडबोळी

बालाघाटींना अनुमोदन, आणि दुसऱ्या बाजूची अडचण सांगते. आमच्या गेटवरचा मुलगा असेल पंचवीसेकचा. त्याला 'अरे' म्हणवत नाही, माझा कोण लागतो तो? 'अहो' म्हटलं तर तो अवघडतो आणि आमचे सासरे घरात आल्यावर विचारतात, "त्याला अहो कशाला?" मराठीत तोंड उघडायच्या आधी हा निर्णय घ्यावाच लागतो. क्रियापद तिथेच अडतं: 'उघड' की 'उघडा'? हिंदीत "भैया, गेट खोलना" म्हटलं की सुटले. 'खोलना'मध्ये तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. मला प्रामाणिकपणे वाटतं, निम्मं पुणे ह्या एका कारणासाठी हिंदी बोलतं.

थेट_मुद्दा

@कडबोळी हे मात्र पटलं. 'खोलना', 'रखना', 'दे देना'. मान द्यायचा नाही आणि काढायचाही नाही. पुणेकरासाठी याहून सोयीची भाषा नाही. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजून सोडून द्या.)

भोसरीचा_पाहुणा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. वडील बिहारमधून भोसरी एमआयडीसीत आले, मी जन्मलो इथेच, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. चौथीत पाठांतर स्पर्धेत मनाचे श्लोक म्हणून बक्षीस मिळवलंय.

माझं बालाघाटींच्या बरोबर उलटं होतं. मी मराठीत बोलतो, समोरचा आडनाव ऐकतो आणि हिंदीवर येतो. मी मराठीत रेटतो, तो हिंदीत रेटतो. पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात येतं आणि मग ते वाक्य येतं: "अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!" तुम्हाला कोणी म्हणतं का, तुमचं मराठी छान आहे? मला आयुष्यभर म्हणतायत. चांगल्या मनानेच म्हणतात, पण त्याचा अर्थ 'तू इथला नाहीस, तरी बघ कसा बोलतोस' एवढाच होतो.

आणखी एक. 'भय्या' हा शब्द मी लहानपणी मैदानात शिवीसारखा ऐकलाय. बॅटिंग मागितली की "ए भय्या, जा गावाला." आता तुम्ही लोक तोच शब्द 'भैया' करून बीडच्या माणसाला लावताय. म्हणजे बीडहून आलेलाही भैया आणि छपऱ्याहून आलेलाही भैया, खाकी किंवा निळा शर्ट घातला की झाला भैया. धाग्याचं शीर्षक एकदम बरोबर आहे.

@मराठी_बाणा७: गेटवर दम देऊन मराठी येत नाही. मला मराठी आली ती शाळेतल्या बाईंमुळे आणि मैदानात शिव्या खाऊन.

मराठी_बाणा७

@भोसरीचा_पाहुणा तुमच्याबद्दल नव्हतंच ते. तुम्ही आपलेच.

भोसरीचा_पाहुणा

हेच ते. :)

रास्तापेठ_१४

माझी गंमत ऐका. आम्ही रास्ता पेठेतले तमिळ. पणजोबा मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून म्हणून आले ते इथेच राहिले. घरात तमिळ, दाराबाहेर पडलं की मराठी. आमच्या गल्लीत इडलीच्या पिठाची गिरणीवाली बाई तमिळ कळणारी मराठी आणि समोरचा किराणावाला तमिळ कळणारा मारवाडी. हिंदी? ती आम्हाला कधी लागलीच नाही. माझ्या आजीला हिंदीची चार वाक्यं येत नव्हती, पण मंडईत मराठीत घासाघीस अशी करायची की समोरच्याने हात जोडावेत.

आता मी बाणेरला राहते. आडनाव ऐकलं की सगळे माझ्याशी हिंदीत नाहीतर इंग्रजीत. अहो, माझी हिंदी तुमच्यापेक्षा वाईट आहे! सोसायटीच्या सभेत माझ्यासाठी म्हणून सगळे हिंदीत बोलतात आणि मी एकटीच मनात मराठीत भाषांतर करत बसते. एकदा सांगितलं, मराठीत बोला, मला सोपं जाईल. सेक्रेटरी म्हणाले, "नको नको, तुम्हाला उगाच त्रास."

लिंबलोणचं

@रास्तापेठ_१४ 😂😂 "तुम्हाला उगाच त्रास" हे फारच पुणेरी आहे.

काठावर_पास

भाषाशास्त्र शिकताना वाचलेल्या दोन गोष्टी इथे फिट बसतात.

पहिली. हॉवर्ड गाइल्स नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात मांडलं की बोलताना माणूस एकतर समोरच्यासारखं बोलायला जातो, नाहीतर मुद्दाम अंतर ठेवून बोलतो. पहिल्याने जवळीक होते, दुसऱ्याने आपली जागा राखली जाते. आता यातली खोच बघा. आपण जुळवून घेतो ते समोरच्या माणसाशी नाही, त्याच्याबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र आहे त्याच्याशी. रास्तापेठ_१४ यांच्यासाठी हिंदी बोलणारी अख्खी सभा ही जुळवूनच घेतेय, पण ज्या बाईंशी जुळवून घेतेय त्या बाई खुर्चीत बसलेल्याच नाहीत. खराडीचा वॉचमन मात्र दुसऱ्या प्रकारात मोडतो, तो अंतर राखतोय. उद्धटपणा नाही तो.

दुसरी जास्त रोचक आहे आणि आपल्या घरची आहे. गम्पर्झ आणि विल्सन या दोघांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका गावावर निबंध लिहिला. निबंधात गावाचं नाव 'कुपवार' असं छापलंय. गावात जमीनदार जैन घरी कानडी बोलणारे, मुसलमान शेतकरी उर्दू बोलणारे, काही घरं मराठी, थोडी तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्या शेजार. तर वेगवेगळ्या घरांतली माणसं एकत्र आली की बोलायची मराठीत. का, तर गावातल्या दोन्ही वजनदार गटांच्या घरची ती भाषा नव्हती. मराठी बोललं की कोणी कोणाच्या ओसरीवर चढत नव्हतं. सगळे मधल्या चौकात.

पुण्यात हिंदीने नेमकी तीच जागा घेतलीय असं मला वाटतं. फरक एवढाच की कुपवारमध्ये लोकांच्या घरच्या भाषा खरोखर वेगळ्या होत्या. इथे दोघांच्याही घरी मराठी आहे आणि तरीही मधला चौक लागतोय. म्हणजे एका मराठीपासून दुसरी मराठी तेवढी लांब आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत बोलींचं सर्वेक्षण केलंय, ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ठेवलीत. बालाघाटींसारखी बोली तिथे अभ्यासाचा विषय म्हणून मानाने बसलीय. त्याच शहरातल्या मेसमध्ये तिचा किस्सा होतो.

थेट_मुद्दा

प्रतिसाद आवडला, पण कुपवारचे लोक शेजारी होते. आपला वॉचमन सहा महिन्यांत बदलतो, एजन्सी बदलली की दुसरी माणसं. ओळखच होत नाही तर मधला चौक कसला अन् ओसरी कसली?

काठावर_पास

ओळख होत नाही म्हणूनच तर कपड्यांवरून ठरवतो ना आपण. तुमचा आणि माझा मुद्दा एकच आहे, तुम्ही फक्त चिडून सांगताय.

नेकारकाठी

मी स्टुटगार्टजवळ राहते. पुण्यात फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकून आले, बी-वन ही मधली पातळी झाली होती, स्वतःवर खूश होते. इथल्या बेकरीत पहिल्यांदा जर्मनमध्ये पाव मागितला आणि काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "अजून काही?" पुढच्या वेळी तेच. वर्षभर हाच खेळ. मी जर्मन, त्या इंग्रजी. तेव्हा खूप लागायचं, की माझी जर्मन इतकी का वाईट आहे? नंतर कळलं, त्यांना वाटत होतं त्या मला मदत करतायत. भोसरीचा_पाहुणा यांचं वाचलं आणि त्या बेकरीची आठवण झाली. फरक आहे, मी खरंच बाहेरची आहे आणि ते नाहीत.

पण मला लिहायचं होतं ते बालाघाटींसाठी. इथली बोली श्वेबिश. पुस्तकातली जर्मन शिकून आलेल्याला ती पहिल्या महिन्यात कळतच नाही. शब्द आखूड करून शेवटी 'ले' लावायचा, स हा श होतो. बर्लिनकडचे लोक हसतात या उच्चाराला. तर या राज्याने, बाडेन-व्युर्टेम्बर्गने, १९९९ पासून कितीतरी वर्षं एक जाहिरात चालवली. तिचा अर्थ: 'आम्हाला सगळं जमतं. प्रमाण जर्मन सोडून.' सरकारी जाहिरात बरं का! मर्सिडीज आणि पोर्शे ज्या राज्यात बनतात ते राज्य सांगतंय की आमचे उच्चार गावठी आहेत, काय म्हणणं आहे?

अर्थात मोटारी विकणाऱ्याला हे म्हणणं परवडतं. दुष्काळी तालुक्यातून कॉट बेसिसवर आलेल्या पोराला नाही परवडत, हे मलाही कळतं.

(अवांतर: महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केलाय. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन वगैरे कामांसाठी येऊ बघणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर वर्गातल्या जर्मनसोबत इथला रेडिओही ऐका. वॉर्डमधले आजोबा तुमच्याशी परीक्षेतली जर्मन बोलणार नाहीत.)

बालाघाटी

@नेकारकाठी ही जाहिरात मित्रांना वाचून दाखवली. एकजण म्हणला आपण बी करू: 'आम्हाला सगळं जमतंय. फक्त पूर्वपरीक्षा सोडून.'

माणगावठाण

आमी हिंजवडीच्या पलीकडचे, माणचे. आयटी पार्क झालं आमच्याच जमिनीवर. अजून आमी ना पुणे महापालिकेत ना पिंपरीत, ग्रामपंचायतच. सगळे इथं स्थलांतराचं लिहितायत म्हणून सांगतो, आमी कुठं गेलोच नाय, तरी बाजारात गेलं की आमीच पाव्हणे.

आमच्या चाळीत भाड्याच्या खोल्या हायत. पोरं अमरावतीची, वाशिमची, नांदेडची, थोडी यूपीची. आई माझी सगळ्यांशी हिंदी बोलायची. तिची हिंदी म्हणजे, "ओ भाऊ, पानी जपके वापरो, मोटर जळ्या है." दोन वर्षं हे चाललं. मग एक दिवस वाशिमचा पोरगा खाली येऊन हात जोडून म्हनला, "काकू, तुमची हिंदी समजत नाही. मराठीत सांगा ना." आईला माहीतच नव्हतं तो मराठी हाय. आणि त्याला वाटायचं की ही बाई मराठी बोलत नाय!

आता आई मराठी बोलते, तो वऱ्हाडी बोलतो, निम्मं कळतं, निम्मं नाय. पन भाडं वेळेवर येतं.

लिंबलोणचं

"मोटर जळ्या है" 😂😂😂 आजचा दिवस सार्थकी लागला.

जर्सीतली_जाई

न्यू जर्सीत देशी किराणा दुकानात हेच चालतं. रांगेत पुढची बाई नवऱ्याला मराठीत सांगतेय, "शेंगदाणे घेतलेस का?" आणि मला मात्र इंग्रजीत, "आर यू इन द लाइन?" पण इथे एक फरक आहे. 'तुम्ही मराठी का?' असं विचारलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. दहा मिनिटांत गणपतीची वर्गणी ठरते. पुण्यात तोच प्रश्न विचारला की समोरचा सावध होतो, हे आत्ता बालाघाटींच्या लिहिण्यातून समजलं. बीएमएमच्या (इथल्या मराठी मंडळांची संघटना, बृहन्महाराष्ट्र मंडळ) अधिवेशनात कोणी कुठल्या जिल्ह्याचा हे कौतुकाने विचारतात. आपल्याच राज्यात त्याची भीती वाटावी, हे कठीण आहे.

बालाघाटी

@जर्सीतली_जाई ताई, तिकडं तुम्ही सगळे एकाच विमानानं गेल्यावानी असता. इथं कोण कोणत्या एसटीनं आलं ते बघतात.

कडबोळी

बरं, मग आम्ही नक्की करायचं काय? हा प्रश्न बालाघाटींनाच. उद्या सकाळी मी गेटवर जाणार आहे, त्या मुलाशी कसं बोलू?

बालाघाटी

ताई, मी काही सगळ्यांचा वकील नाही. मला स्वतःला काय बरं वाटतं तेवढं सांगतो.

मराठीत बोला. उत्तर हिंदीत आलं तरी तुम्ही मराठीतच ठेवा. पण तोंडावर "अरे, तू मराठीच आहेस ना, मग हिंदी कशाला?" असं पकडू नका. चोर सापडल्यावानी होतंय. त्याला वाटलं तर दोन-चार दिवसांत तो आपोआप येईल मराठीवर. नाही आला तर नाही आला.

अरे का अहो? 'दादा' म्हणा. दादा म्हणलं की पुढं 'उघडा' आपोआप बसतंय, कुणी अवघडत नाही. तुमचे सासरे बी काही म्हणणार नाहीत. आमच्याकडं लहान पोराला बी दादा म्हणतात.

अन् शेवटचं, 'कुठले तुम्ही?' हे पहिल्याच दिवशी विचारू नका. चांगल्या मनानं विचारता हे कळतंय. पण आमच्यासाठी तो प्रश्न कधीच एकटा येत नाही, त्याच्या मागं आडनाव उभं असतंय. महिनाभर नुसतं पाणी, पार्सल, पार्किंग ह्यावर बोला. नंतर तोच सांगेल.

भोसरीचा_पाहुणा

बालाघाटींना पूर्ण अनुमोदन. माझ्यासारख्यांसाठी एक पुरवणी: समोरचा मराठी बोलतोय तर त्याच्या मराठीचं कौतुक करू नका. त्याने जे विचारलंय त्याचं उत्तर द्या फक्त.

रास्तापेठ_१४

आणि सभेत मराठी बोला. मला त्रास होत नाही.

मराठी_बाणा७

'दादा' ठीक आहे. आडनावाचं मात्र अतिच होतंय. आडनाव विचारणं म्हणजे लगेच जात विचारणं नव्हे.

बालाघाटी

@मराठी_बाणा७ भाऊ, तुमच्या आडनावाला नसंल तसं.

ठोकताळा

यावर वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर संपादक कुलूप लावतील.

थेट_मुद्दा

मला अजूनही पंचाहत्तर टक्के सवयच वाटते, उरलेल्या पंचवीसात कडबोळींचं 'खोलना'. बाकी सगळं करून बघेन. पण पहिल्या भेटीत 'कुठले तुम्ही' विचारायचं नाही म्हणजे अवघड आहे हो. पुणेकर मग बोलणार काय?

माणगावठाण

पार्किंग.